गाडी उंच करण्याआधी ती थांबते का, ते पाहा

संतोष भुवन, धानीव बाग, पेल्हार या भागांतून संध्याकाळी फेरी मारली, तर आमच्या नालासोपारा पूर्वेत एक दृश्य हमखास दिसते. चाळीच्या तोंडाशी, जिथे दोन रिक्षा कशाबशा मावतात, तिथे एखादी भली मोठी जीपगाडी अंग चोरून उभी असते. मागच्या काचेवर मुलांची नावे, वर ‘जयभीम’, पुढे आरशाला लटकवलेले छोटेसे निळे निशाण. ही गाडी कुणा श्रीमंताची हौस नसते. ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असते, हप्त्यावर घेतलेली असते आणि तिच्यावर एका घराची चूल पेटत असते. लग्नाचे भाडे, विमानतळाचे भाडे, गावाकडचे भाडे, ६ डिसेंबरला दादरचे भाडे. गाडी चार दिवस उभी राहिली की पाचव्या दिवशी घरात किराणा उधारीवर येतो.

अशी गाडी घेतलेला तरुण पहिल्या वर्षी तिच्यावर जो खर्च करतो, तो बहुतेक वेळा दिसण्यावर करतो. रुंद टायर, जास्त उंची, मागे दोन जादा पाटे, पुढे लोखंडी जाळी, दिवे, हॉर्न. ‘स्टँडवर चार गाड्या उभ्या असल्या, तर गिऱ्हाईक दांडग्या गाडीकडे जातं, काका,’ असे ही मुले आम्हाला सांगतात. त्यांचे म्हणणे अगदी खोटे नाही. परंतु त्या दांडग्या गाडीखाली ब्रेक आणि शॉकअप कोणत्या अवस्थेत आहेत, हे ना गिऱ्हाईक विचारते, ना मालक पाहतो. आम्हीही पाहत नव्हतो. एका प्रसंगाने आमचे डोळे उघडले, म्हणून हा लेख.

घाटातली ती दहा मिनिटे

गोष्ट मे २०२३ मधील. नाशिकजवळच्या एका गावी मंगल परिणयाला जायचे होते. आमच्या चाळीतल्या एका तरुणाची नऊ आसनी गाडी ठरवली. हिशेब आणि यादी अर्थातच आमच्याकडे, कारण कारकुनी करणाऱ्या माणसाकडे समाज यादीचे काम विश्वासाने सोपवतो. यादीत तेरा जण झाले. ‘दोन पोरं मांडीवर, दोघे मागे सरकून बसतील,’ असे आम्हीच म्हणालो. माणशी भाडे कमी पडले म्हणून सगळे खूश झाले. टपावर आहेराची भांडी आणि पिशव्या चढल्या.

जाताना काही झाले नाही. परतताना इगतपुरी सोडली आणि कसारा घाटाचा उतार लागला. आम्ही पुढे बसलो होतो. डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलला टाकून तो मुलगा पाय ब्रेकवरच ठेवून उतरत होता. थोड्या वेळाने जळक्या रबरासारखा वास आला. कुणीतरी मागून म्हणाले, ‘ट्रकचा असेल.’ आणखी दोन वळणांनंतर तो हळूच म्हणाला, ‘काका, ब्रेक मऊ लागतोय.’ पुढच्या वळणावर पेडल थेट खाली टेकले.

नशीब असे की पोरगा घाबरला तरी गडबडला नाही. त्याने भराभर पेडल पंप केले, गाडी कशीबशी तिसऱ्या आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये आणली, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक उतरवून गाडी घासत घासत थांबवली. कुणाला खरचटलेदेखील नाही. दरीच्या बाजूला आमच्यापासून दोन हातांवर कठडा होता. मांडीवरची पोरे झोपलेलीच होती.

खरी फसवणूक पुढे झाली. अर्ध्या तासाने पेडल आपोआप वर आले, जणू काही बिघडलेच नव्हते. तेराही जण म्हणाले, ‘चला, झालं नीट!’ गाडी हळूहळू दुसऱ्या गिअरमध्ये खाली आणली आणि रात्री नालासोपाऱ्याला पोहोचलो. त्या तरुणाने दुसऱ्या दिवशी भाडे घेतलेही असते. त्याच्या पत्नीने चावी लपवली, म्हणून घेतले नाही.

मिस्त्रीने काय दाखवले

महामार्गालगतच्या एका गॅरेजात चारही चाके उघडली. तेव्हा मिस्त्रीने जे दाखवले, ते आम्ही वहीत टिपून घेतले.

मागच्या ड्रममधले लायनर इतके झिजले होते की रिव्हेट दिसत होते. एका बाजूच्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑईल झिरपून लायनरवर पसरले होते, म्हणजे ते चाक जवळजवळ धरतच नव्हते. ब्रेक ऑईल कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते. मागचे दोन्ही शॉकअप कोरडे, आतले तेल केव्हाच गळून गेलेले. आणि आधीच्या मालकाने मागे दोन पाटे जादा चढवून गाडी उंच केली होती.

या शेवटच्या गोष्टीकडे बोट दाखवून मिस्त्री म्हणाला, ‘दादा, खरी मेख इथं आहे.’ अशा बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या धुरीजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा धुरीला जोडलेला असतो. गाडीत वजन भरले की गाडीचे अंग खाली बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की अंग वर असते, तेव्हा तो दाब कमी करतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरत नाही. आता पाटे चढवून गाडी कायमची उंच केली आणि दांडा पुन्हा लावून घेतला नाही, तर तेरा माणसे बसली तरी व्हॉल्व्हला वाटते की गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक अर्धपोटीच राहतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो, ती तापते, तिच्याजवळचे ऑईल उकळते आणि पेडल खाली जाते.

म्हणजे गाडी ‘मजबूत’ करण्यासाठी जे केले होते, त्यानेच तिचा ब्रेक दुबळा केला होता.

कारकुनाचा हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे. यंत्रशास्त्र आमचा विषय नव्हे, पण बेरीज-गुणाकार येतो. म्हणून घरी बसून हिशेब केला, तो वाचकांपुढे ठेवतो.

ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र. वेग दुप्पट झाला तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ४० किलोमीटरला एक रुपया खर्च असेल, तर ८० ला चार रुपये. वजनाचे मात्र सरळ प्रमाण असते. माणसे वाढली, सामान वाढले, तेवढा ब्रेकचा खर्च वाढला.

चांगला ब्रेक, चांगले टायर, कोरडा रस्ता आणि ड्रायव्हरने पाय ब्रेकवर नेण्यास घेतलेला एक सेकंद धरला, तर ताशी ६० च्या वेगाने धावणारी गाडी थांबायला साधारण ४० मीटर लागतात. ८० ला साधारण ६३ मीटर आणि १०० ला ९० मीटरच्या वर. लोकलचा एक डबा साधारण २० मीटरचा असतो. म्हणजे ताशी १०० ने धावणाऱ्या गाडीला थांबायला साडेचार डबे लागतात! ओल्या रस्त्यावर आणि घासलेल्या टायरवर हे अंतर आणखी वाढते.

आता घाट. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत सुमारे ३०० मीटरची उंची उतरावी लागते. माणसांसकट अडीच हजार किलोची गाडी ही उंची फक्त ब्रेकवर उतरली, तर ब्रेकवर पडणारा भार ताशी ८० च्या वेगावरून बारा वेळा गाडी उभी करण्याइतका होतो. आणि तोही मध्ये थंड व्हायला उसंत न देता. गाडी खालच्या गिअरमध्ये असती, तर यातला बराच भार इंजिनने उचलला असता. न्यूट्रल करून वाचवलेले डिझेल किती? एका चहाच्या पैशांचे.

शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिन बंद करून उतरणारे महाभागही आहेत. ब्रेकचा बूस्टर इंजिन चालू असेपर्यंतच मदत करतो. इंजिन बंद पडले की दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखे कडक होते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते.

नवी, महागडी गाडी असली म्हणजे हा हिशेब चुकतो, असे कुणी समजू नये. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोठ्या परदेशी गाडीला अपघात झाला. मागच्या आसनावर बसलेले ते आणि त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. गाडीच्या कंपनीने पोलिसांना दिलेल्या प्राथमिक माहितीच्या ज्या बातम्या आल्या, त्यांनुसार धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० होता आणि ब्रेक दाबल्यावर धडकेच्या क्षणी ८९. उत्तम ब्रेकलाही अंतर लागते आणि वेळ लागतो. तो मिळाला नाही, तर ब्रेक कितीही किमती असो, तो काय करणार?

शॉकअप म्हणजे फक्त आराम नव्हे

आमच्याकडे शॉकअप गेला की लोक म्हणतात, ‘जरा आदळते, चालायचंच.’ हा फार मोठा गैरसमज आहे. धक्का झेलतात ते पाटे आणि स्प्रिंग. शॉकअपचे काम वेगळे असते. स्प्रिंग एकदा दबली की ती वरखाली नाचत राहते. तो नाच शॉकअप लगेच थांबवतो आणि चाक रस्त्याला चिकटवून ठेवतो. शॉकअप कोरडा पडला की खड्ड्यानंतर चाक रस्त्यावर उड्या मारते. जेवढा वेळ चाक हवेत, तेवढा वेळ त्या चाकाचा ब्रेक शून्य. वसई फाट्यापासून शिरसाडपर्यंत खड्ड्यांतून गाडी हाकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या प्रवासी मोटारींत चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. ती उत्तमच आहे. पण तीही रस्त्याला टेकलेल्या चाकावरच काम करते. आणि आमच्या वस्तीतल्या बऱ्याच गाड्या त्याआधीच्या आहेत.

शॉकअप तपासायला यंत्र लागत नाही. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोर देऊन दाबावा आणि सोडावा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली, तर ठीक. दोन-तीनदा हेलकावली, तर शॉकअप संपला. नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तरी संपला. बदलताना एका धुरीवरचे दोन्ही बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला, तर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते.

आणि जादा पाटे? पाटा चढवला की गाडी कमी बसते, म्हणून मालकाला वाटते की ती जास्त वजन उचलू लागली. परंतु धुरी तीच, टायर तेच, ब्रेक तोच. फक्त वजन दिसेनासे झाले. रिकामी असताना तीच गाडी मागून टणटण उडते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके पटकन घसरतात. उधारी वहीत लिहिली नाही म्हणून ती फिटत नाही, तसाच हा प्रकार आहे.

रुंद टायर आणि वाढलेली उंची

टायरचा घेर वाढवला तर गाडी दिमाखदार दिसते, हे मान्य. परंतु चाक दहा टक्के मोठे केले, तर तेवढ्याच दाबाने मिळणारी ब्रेकची पकड रस्त्याजवळ साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. लांब दांड्याच्या टोकाला धरून ठेवायला जास्त जोर लागतो, तसेच हे. शिवाय काट्यावर ७० दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात ७७ ने धावत असते. उंची वाढवली की गाडीचा भार वर जातो, त्यात टपावर सामान, आणि वळणावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही.

यात कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. भाड्याच्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र काढावेच लागते, आणि गाडी आठ वर्षांची झाली की दर वर्षी. तिथे अडकली की धंदा बंद. आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीने बदलांवर बोट ठेवले, तर हप्ता कोण भरणार?

मग पैसे कशात घालावेत?

त्या तरुणाच्या पत्नीला भिशीचे ४० हजार रुपये लागले होते. त्याच्या मनात त्यातून टायर घ्यायचे होते. तिने आमच्यासमोर एकच प्रश्न विचारला, ‘काका, टायर मोठे घेतले तर गाडी आधी थांबेल का नंतर?’ त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मग तिघांनी बसून क्रम ठरवला. तोच क्रम, थोडा व्यवस्थित करून, इथे देत आहोत.

पहिली गोष्ट, ब्रेक ऑईल. हे ऑईल हवेतली ओल शोषते. आपल्या किनाऱ्यावर तर हवेत ओल भरपूर. डॉट ३ प्रतीचे नवे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ ची मर्यादा नवे असताना २३० आणि ओल मुरल्यावर १५५. गाडीच्या पुस्तकात चालेल असे लिहिले असेल, तर डॉट ४ भरावे. सगळे जुने काढून, हवा पूर्ण बाहेर काढून भरावे आणि पुस्तकात दिलेल्या मुदतीत, सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी, बदलावे. याहून स्वस्त सुधारणा नाही.

दुसरी गोष्ट, पॅड, लायनर आणि गळती. चारही चाके उघडून पाहावीत. गळका व्हील सिलिंडर, तडे गेलेले रबरी पाइप बदलावेत. डिस्क किती पातळ झालेली चालते, तो आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. मिस्त्रीला तो मापायला सांगावा. पॅड स्वस्त मिळतात म्हणून खोक्यावरचे नाव पाहून फसू नये. नकली मालाचे खोके असलीपेक्षा देखणे असते! पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावेत. नवे पॅड बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळावा, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसतात.

तिसरी गोष्ट, शॉकअप, बुश आणि पाटे. जादा चढवलेले पाटे काढून कंपनीच्या मूळ संख्येवर यावे. मागचा तो व्हॉल्व्ह आणि त्याचा दांडा जागेवर आहे का, हे पाहावे. यू-बोल्ट आवळून घ्यावेत.

चौथी गोष्ट, टायर. मूळ मापाचे, मूळ वजनक्षमतेचे, पण चांगले. नंतर अलाइनमेंट.

मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर बसवून देणारेही भेटतात. पुढचा ब्रेक मोठा केला की मास्टर सिलिंडरचा मेळ बिघडतो, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. हे काम गल्लीतल्या गॅरेजचे नव्हे. आमचे असे स्पष्ट मत आहे की, कंपनीने जो ब्रेक दिला आहे तो शंभर टक्के कामाला लावणे, हीच आपल्यासारख्यांसाठी सर्वांत मोठी सुधारणा आहे.

या सर्व कामात भिशीच्या रकमेपैकी निम्म्याहून थोडे जास्त खर्च झाले. उरलेल्या पैशांत गाडीचे दोन हप्ते आगाऊ भरले.

पाण्यातून गेल्यावर

आमच्या नालासोपाऱ्याला पावसाळ्याचे वेगळे सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये स्टेशनात रूळ बुडून लोकल बंद पडल्या होत्या आणि तुळींज, आचोळे भागांत दिवसेंदिवस पाणी साचले होते. अशा पाण्यातून गाडी काढली की लायनर भिजतात, विशेषतः मागच्या ड्रमात पाणी कोंडते, आणि पुढचे एक-दोन ब्रेक लागतच नाहीत. पाण्याबाहेर येताच हळू वेगात पेडल हलके दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे लायनर तापून सुकतात. गाडी बराच वेळ पाण्यात उभी राहिली असेल, तर ड्रम उघडून साफ करावेत आणि धुरीच्या तेलात पाणी गेले का ते पाहावे.

गॅरेजमधली आपली पोरे

हा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गॅरेजात ड्रम उघडला की आतली काळी पूड तोंडाने फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवतात. हे काम करणारी पोरे आपलीच असतात. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत, आणि ते आजही एखाद्या स्वस्त मालात असू शकते. त्याची पूड छातीत बसली, तर फुप्फुसाचे असाध्य आजार वीस-तीस वर्षांनंतरही डोके वर काढतात. पूड उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, नाका-तोंडावर चांगला मास्क लावावा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. ज्या मातेचा मुलगा गॅरेजात आहे, तिने आज रात्रीच त्याला हे विचारावे.

यादी करणाऱ्यांसाठी

शेवटी आमच्या स्वतःबद्दल. त्या दिवशी ब्रेक त्या पोराचा गेला, पण तेरा नावांची यादी आमच्या हस्ताक्षरात होती. आम्ही सभेत उभे राहून हक्कांवर बोलतो आणि गाडी भरताना मात्र ‘अजून दोघे मावतील’ म्हणतो. ड्रायव्हर गरजू असतो. तो समाजातल्या मोठ्या माणसाला नाही म्हणू शकत नाही. जादा प्रवाशामागे कायद्यातला दंड २०० रुपये आहे, म्हणून कुणाला त्याची भीती वाटत नाही. पण नोंदणी पुस्तकात जो आसनांचा आकडा छापलेला असतो, तो ब्रेक, धुरी आणि टायर यांचा हिशेब करूनच छापलेला असतो. तो आकडा ओलांडणारा माणूस ड्रायव्हर नसतो, यादी करणारा असतो.

आता आम्ही यादी नऊवर थांबवतो. त्यामुळे भाडे माणशी वाढते, कुरकुर होते, एक-दोन घरे रुसतात. त्या तरुणाचेही नुकसान होतेच. जादा माणसे घेत नाही म्हणून दोन लग्नांची भाडी त्याच्या हातून गेली, ती दुसऱ्या गाडीने घेतली. हे आम्ही लपवत नाही.

त्याच्या घरी आता खिळ्याला एक शंभर पानी वही टांगलेली असते. आखणी आमची, नोंदी त्याच्या पत्नीच्या. तारीख, किलोमीटर, ऑईल केव्हा बदलले, पॅड किती उरले, कोणत्या चाकाशी ओल दिसली. घाटाचे भाडे असले की आदल्या संध्याकाळी ती त्याला इंजिन चालू करून पेडल पूर्ण जोराने दाबून धरायला लावते आणि स्वतः बाजूला उभी राहून तीसपर्यंत अंक मोजते. पेडल हळूहळू खाली सरकले, तर कुठेतरी गळती आहे आणि भाडे रद्द. सरकले नाही, तर ती वहीत बरोबरची खूण करते आणि मग चावी त्याच्या हातात देते.

वाचक बंधू-भगिनींनो, ही वही आपल्याही घरात असावी. किंमत वीस-पंचवीस रुपये.